सतरा वेळा गेलेली वीज

काकांच्या घरी वीज फार जायची, आणि तीही मोठ्या समजूतदारपणे जायची. फक्त काकांच्या संगणकापुरती. स्वयंपाकघरातला पंखा गरगरत असायचा, शेजाऱ्यांचा रेडिओ बोलत असायचा, आणि बाहेरच्या खोलीतून काकांचा आवाज यायचा, "गेली बघ! ऐन रंगात आलेली बाजी होती."

"अरेरे," मावशी आतून म्हणायच्या आणि मटारची पुढची शेंग हातात घ्यायच्या.

काका म्हणजे निवृत्त मुद्रितशोधक. एका छापखान्यात चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या चुका काढल्या आणि निवृत्त झाल्यावर ते काम घरी आणलं. औषधाच्या बाटलीवरचा कागद, विजेचं बिल, नातेवाइकांची पत्रं, सगळ्यावर त्यांचं लाल पेन फिरायचं. दुसऱ्याची चूक त्यांना रस्त्यापलीकडून दिसायची. स्वतःची मात्र नाकाखाली असली तरी दिसत नसे, आणि कुणी दाखवलीच तर "ती चूक नाही, तो अपवाद आहे" हे उत्तर तयार असायचं. दुपारी चार वाजले की ते संगणकावरचं कापड काढायचे, त्याची नीट घडी घालायचे आणि इंटरनेटवर बुद्धिबळ खेळायला बसायचे. तिथे त्यांनी स्वतःला नाव घेतलं होतं, 'अचूक'. दुसरं काय घेणार?

आता ही वीज कशी जायची, ते मावशींना पहिल्यापासून ठाऊक होतं. बाजी हातची जायला लागली की काका खुर्ची मागे सरकवायचे, टेबलाखाली वाकायचे आणि भिंतीतला प्लग उपटायचे. खुर्चीचा कर्र आवाज आधी यायचा, 'गेली बघ' नंतर. बत्तीस वर्षं संसार केल्यावर माणूस खुर्चीच्या आवाजावरून एवढं ओळखतोच. तरी मावशींनी कधी चकार शब्द काढला नाही, कारण झाकून ठेवण्यासारखं त्यांच्याकडेही काही होतं. त्यासाठी सहा महिने मागे जावं लागेल.

झालं होतं असं, की मावशींच्या भाचीनं त्यांना एक फोन आणून दिला, चांगला मोठ्या काचेचा. ही भाची कचेऱ्यांमधून नेटवर्क बसवण्याचं काम करते. तिच्या खांद्यावर कायम तारांची वेटोळी. फोन तर आला, पण सिमकार्डावर नुसतं बोलणं व्हायचं, मग इंटरनेट कुठून देणार? घरात इंटरनेटची तार एकच, आणि ती थेट काकांच्या संगणकात शिरलेली. त्या तारेवर कंपनी एकाच यंत्राला ओळखायची. दुसरी जोडणी घेऊ म्हटलं तर काका म्हणाले, "एवढ्याशा घराला दोन दरवाजे कशाला?"

भाची हसली. तिनं पिशवीतून एक जुना वायफायचा डबा काढून कपाटावर ठेवला, काकांच्या संगणकात एक छोटा प्रोग्राम घातला आणि मावशींच्या फोनमध्ये चार आकडे भरले.

"याला प्रॉक्सी सर्व्हर म्हणतात, मावशी. तुझा फोन स्वतः बाहेर जाणार नाही. तो काकांच्या संगणकाला सांगेल, मला अमुक पान हवंय. संगणक ते स्वतःच्या नावानं मागवेल आणि आलं की तुझ्या हातात देईल."

"म्हणजे आमचं टेलिफोन एक्सचेंजच की गं!" मावशी एकदम खुलल्या. लग्नाआधीपासून थेट निवृत्तीपर्यंत त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. "इकडची दोरी तिकडे खुपसायची. दोघांच्या मध्ये आपण, आणि आपण आहोत हे दोघांच्या ध्यानीमनीही नाही."

"अगदी तसंच. फक्त काकांचा संगणक चालू हवा. तो बंद झाला की तुझा फोन मुका."

"आणि बाहेर माझं नाव काय दिसणार?"

"तुझं नावच नाही दिसणार. बाहेरच्यांना वाटणार, सगळं काकाच मागवतायत."

"मग त्यात नवीन ते काय?" मावशी म्हणाल्या. "विजेचं बिल यांच्या नावावर, दारावरची पाटी यांच्या नावाची. आता माझ्या विणकामाचे नमुनेही यांच्याच नावानं येऊ देत."

काकांनी लाल पेन खाली न ठेवता एवढंच विचारलं, "माझा वेग कमी नाही ना होणार?"

विणकामाचे नमुने चार दिवस झाले. पाचव्या दिवशी मावशींनी फोनवर काकांची ती इंटरनेटवरची बुद्धिबळाची जागा उघडली.

बुद्धिबळ त्यांना नवं नव्हतं. एक्सचेंजात दुपारी कॉल कमी असले की दोन गावांच्या ऑपरेटर तारेवरून आपापसांत खेळायच्या. समोर पट नाही, सोंगट्या नाहीत, सगळं तोंडी. उंट कुठे गेला ते सांगायचं, मध्येच कुणाचा कॉल आला तर तो जोडून द्यायचा आणि पुन्हा पुढची चाल ऐकायची. त्यात मावशी भल्याभल्यांना पाणी पाजायच्या. लग्न झालं, नवऱ्यालाही या खेळाचा नाद आहे असं कळलं, आणि पहिल्याच महिन्यात त्या हौसेनं काकांसमोर पटावर बसल्या. बावीस चाली झाल्या. काकांचा राजा कोपऱ्यात सापडला. काकांनी घड्याळाकडे बघितलं, "छापखान्यात मुद्रितं येऊन पडली असतील" म्हणाले आणि पट मिटून ठेवला. त्या दिवशी रविवार होता.

पुढे मावशींनी दोनदा-तीनदा विचारून पाहिलं. दर वेळी उत्तर तेच. "तुझ्याशी काय खेळायचं? तू घाई करतेस."

यावरून मावशींनी कधी भांडण काढलं नाही. पण ती बाजी त्यांच्या मनात तशीच मांडलेली राहिली. नुसतं जिंकायचं असतं तर तो विषय त्या केव्हाच विसरल्या असत्या. त्यांना काकांच्या तोंडून एक शब्द ऐकायचा होता, 'हरलो'. एकदाच. म्हणून त्यांनी त्या जागेवर 'एकेचाळीस' असं नाव घेतलं आणि 'अचूक' यांना आव्हान पाठवलं.

तेव्हापासून आठवड्यातून एकदा तरी हा थाट असायचा. बाहेर टेबलाशी काका, आत ओट्यापाशी स्टुलावर मावशी, मध्ये एक भिंत. मावशींची चाल फोनमधून कपाटावरच्या डब्यात जायची, तिथून काकांच्या संगणकात, तिथून कुठल्या कुठे समुद्रापार, आणि फिरून पुन्हा काकांच्याच संगणकात. दहा पावलांवरच्या माणसाला गाठायला एवढा वळसा, आणि तोही त्याच माणसाच्या दारातून!

बारा बाजी काकांनी जिंकल्या, आणि त्या खऱ्या जिंकल्या. काका काही कच्चे नव्हते. पण मावशींची सरशी होऊ लागली की खुर्ची कर्र वाजायची. प्लग निघाला की संगणक बंद, आणि संगणक बंद की मावशींचा फोन मुका. त्या जागेचा नियम असा होता की ज्याची जोडणी तुटेल त्यानं दहा मिनिटांत परत यावं, नाहीतर तो हरला. दोघांचीही तुटली, तर बाजी अनिर्णित. काका बरोबर पाव तासानं 'वीज आली' म्हणून संगणक चालू करायचे, आणि दर वेळी बघतात तो काय, प्रतिस्पर्धीही गायब! वहीत नोंद व्हायची, 'अनिर्णित (वीज)'.

"मोठा सभ्य माणूस आहे हा एकेचाळीस," काका जेवताना सांगायचे. "दुसरा कुणी असता तर दहा मिनिटं दबा धरून बसला असता आणि फुकटची बाजी ढापली असती. माझी वीज गेली की हाही सोडून जातो."

"गुणी आहे हो," मावशी म्हणायच्या.

"खेळतोही बरा. पण अजून एकदाही मला हरवता आलेलं नाही त्याला."

मावशी मुकाट्यानं घास गिळायच्या. हसू दाबून जेवणं किती अवघड असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

अशा सोळा बाजी विजेत गेल्या, तेव्हा भाची म्हणाली, "मावशी, माझ्या घरून खेळ ना. काका प्लग काढतील, तुझा फोन चालूच राहील, दहा मिनिटांत तू जिंकलीस."

"आणि ते म्हणतील, वीज गेली म्हणून हरलो. अशी जिंकायची नाहीये मला. बाजी शेवटपर्यंत व्हायला हवी आणि त्यांनी मान्य करायला हवं."

"मग वीज जाऊच द्यायची नाही," भाची म्हणाली, आणि दोन दिवसांनी एक जडशीळ खोकं घेऊन दारात उभी राहिली. आत यूपीएस होता, म्हणजे वीज गेली तरी संगणक अर्धा तास चालू ठेवणारी बॅटरी. "काका, तुमच्या बाजी वाया जातात असं ऐकलं. बघवेना मला."

काकांचा चेहरा असा झाला, की त्यांना भेट मिळाली की नोटीस, ते बघणाऱ्याला कळलं नसतं. "कशाला उगाच एवढा खर्च," एवढंच ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी मावशी जीव ओतून खेळल्या. काकांचा एक हत्ती गेला, मग वजीर गेला. अजून तीन चाली आणि मात. बाहेर खुर्ची कर्र वाजली. आणि मागोमाग एक नवाच आवाज सुरू झाला. पीं... पीं... पीं...

यूपीएस कोकलत होता. संगणक चालू, डबा चालू, फोन चालू. चाल काकांची, आणि काकांचं घड्याळ पळतंय. मावशींच्या छातीत एवढी धडधड झाली, की आपणही पीं पीं करतोय असं त्यांना वाटलं. घरात एवढी वर्षं गेली, पण त्या खोलीत जाऊन काकांचा चेहरा बघण्याची इतकी इच्छा त्यांना कधी झाली नव्हती.

मिनिटभर काहीच झालं नाही. मग खुर्ची पुन्हा वाजली, या वेळी दुसऱ्या बाजूनं, आणि मावशींच्या हातातला फोन जागच्या जागी थिजला.

"कमाल आहे!" बाहेरून आवाज आला. "आता इंटरनेटच्या तारेतच काहीतरी बिघाड झालाय."

झाली सतरावी. मावशींनी कपाळावर हात मारला आणि मग त्यांना इतकं हसू आलं, की तोंडाला पदर लावून बसावं लागलं.

पण सतराव्या वेळी मावशींखेरीज आणखीही कुणाचं तरी लक्ष होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी संगणक उघडला आणि बुद्धिबळाच्या जागेकडून आलेलं पत्र मोठ्यानं वाचायला घेतलं. दुसऱ्या वाक्याला त्यांचा आवाज उतरला.

"'अचूक' आणि 'एकेचाळीस' ही दोन्ही खाती इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यावरून चालवली जातात. सतरा बाजींमध्ये दोघांची जोडणी एकाच क्षणी तुटली आहे. दोन्ही बाजूंनी एकच व्यक्ती खेळून फसवणूक करत असल्याचा संशय आहे. या दोन्ही गोष्टींचा खुलासा तीन दिवसांत करावा, अन्यथा खाती बंद होतील."

काका खुर्चीत मागे टेकले. ओरडतील, पत्रातल्या चुका काढतील, असं मावशींना वाटलं होतं. त्यांनी तसलं काहीच केलं नाही.

"मी लबाड," ते हळूच म्हणाले. "चौतीस वर्षांत माझ्या सहीनं एक चुकीचा कागद बाहेर गेला नाही. आणि तो बिचारा एकेचाळीस! माझ्यापायी त्याचंही नाव खराब. पण एकच पत्ता कसा असेल गं? कुणीतरी मला अडकवतंय का?"

मावशींनी आत जाऊन भाचीला फोन लावला. ती म्हणाली, "मावशी, तू गप्प बस. बंद होऊ दे ती खाती. दुसऱ्या नावानं उघडू."

सोपं होतं ते. पण दुपारचे चार वाजले आणि काकांनी संगणकावरचं कापड काढलं नाही. लाल पेनाचं टोपणही उघडलं नाही. नुसते बसून राहिले. मावशींना ते बघवेना. काका लबाडी करायचे हे खरं, पण ती घरातली लबाडी होती, त्यांच्या हक्काची. तिच्यावर हसायचं ते मावशींनी. कुठल्या परक्यानं उठून त्यांच्या नवऱ्याला लबाड म्हणावं, हे त्यांना खपण्यासारखं नव्हतं. शिवाय पत्त्याच्या बाबतीत खरंच काकांचा काही दोष नव्हता. तो दोष त्यांचा स्वतःचा होता.

त्या बाहेर आल्या आणि फोन काकांच्या पुढ्यात ठेवला. काचेवर कालचीच बाजी होती, उलट्या बाजूनं मांडलेली.

"हा तुमचा सभ्य माणूस," मावशी म्हणाल्या.

काकांनी फोनकडे बघितलं. मग मावशींकडे, मग कपाटावरच्या डब्याकडे, आणि पुन्हा फोनकडे. मुद्रित तपासावं तसं त्यांनी ते सगळं एकदा डावीकडून उजवीकडे वाचून काढलं.

"हे तू खेळत होतीस?"

"घाई करत करत."

"आणि एकेचाळीस म्हणजे?"

"माझ्या बोर्डाचा नंबर. एक्सचेंजात मला सगळे एकेचाळीसच म्हणायचे. बत्तीस वर्षांत तुम्ही कधी विचारलं नाहीत."

काकांनी फोनवरचं ते नाव पुन्हा एकदा वाचलं. मग एकदम काहीतरी आठवून त्यांचे कान लाल झाले. "म्हणजे प्लग..."

"खुर्ची वाजते," मावशी म्हणाल्या. "तेल घाला म्हणून कितीदा सांगितलं."

खुलासा लिहायला काका बसले तेव्हा पहिला भाग सरळ होता. घर एक, तार एक, माणसं दोन. फोन प्रॉक्सी सर्व्हरमधून माझ्या संगणकाच्या वाटेनं बाहेर येतो, म्हणून पत्ता एक. भाचीला विचारून त्यांनी तो प्रोग्रामही नावानिशी लिहिला. मग दुसरा मुद्दा आला, सतरा वेळा जोडणी कशी तुटली. तिथे पेन थांबलं.

"वीज जाते, असं लिहावं का?" त्यांनी न वळता विचारलं.

"तुमचं पत्र आहे. तुम्हाला बरोबर वाटेल ते लिहा," मावशी म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. त्यांनी मुद्दामच नळ सोडून ठेवला, बाहेरचं काही ऐकू येऊ नये म्हणून.

अर्ध्या तासानं काका स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. एका हातात कागद, दुसऱ्या हातात लाल पेन. दोन्ही त्यांनी पुढे केलं.

"तपास," ते म्हणाले.

आजवर काकांनी आपलं लिखाण कुणाला तपासायला दिलं नव्हतं. मावशींनी हात पुसले, चष्मा लावला आणि वाचलं. 'वीज गेली नव्हती. सोळा वेळा मी प्लग काढला आणि सतराव्या वेळी तार. या सतराही वेळा माझी बाजी हातची जात होती.' अक्षर नेहमीसारखं रेखीव, फक्त शेवटची ओळ जरा खाली उतरलेली. मावशींचे डोळे भरून आले, पण पेन हातात आलंच होतं, तर सोडायचं कशाला?

"एक चूक आहे."

"शक्य नाही," काका सवयीनं म्हणाले. "कुठे?"

"सतरा नाहीत. अठरा."

काका लगबगीनं वही घेऊन आले आणि बोटानं मोजत गेले. "वहीत सतराच आहेत."

"वहीच्या आधीची एक आहे. रविवार होता."

काकांचं बोट वहीवर तसंच राहिलं. पंखा गरगरत होता, शेजारी रेडिओ बोलत होता. वीज अजिबात गेलेली नव्हती. मग त्यांनी मावशींच्या हातातून लाल पेन घेतलं, कागद ओट्यावर ठेवला, 'सतराही' या शब्दावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, 'अठराही'.

चौथ्या दिवशी त्या लोकांचं उत्तर आलं. खुलासा मान्य, दोन्ही खाती चालू ठेवत आहोत, मात्र आमच्या नोंदीत अशा सतराच बाजी आहेत, तरी आपला आकडा तपासून घ्यावा.

काकांनी पत्र दोनदा वाचलं. आपल्या आकड्यात चूक काढतात म्हणजे काय! त्यांनी बाह्या सरसावल्या आणि तिथल्या तिथे उत्तर टंकलं. पाठवण्याआधी खणखणीत आवाजात आत वाचून दाखवलं.

"'आकडा बरोबर आहे. नोंद तुमची अपुरी आहे. अठरावी बाजी बत्तीस वर्षांपूर्वी आमच्या घरी झाली. ती मी हरलो. नोंद करून घ्यावी.' ऐकलंस? काही चूक?"

मावशींनी हातातली शेंग परातीत ठेवली. मग त्या म्हणाल्या, "नाही. बरोबर आहे."

घड्याळात चार वाजायला आले होते. मावशींनी मटारची परात ओट्यावरून उचलली, फोन घेतला आणि सवयीनं स्टूल पुढे ओढलं.

"तिकडे कुठे बसतेस?" काकांनी हाक मारली. संगणकावर कापड तसंच होतं, आणि टेबलावर तो जुना पट उघडला होता. एका प्याद्याच्या जागी पेनाचं टोपण ठेवलेलं. "इथे ये. समोर बस."

मावशी परात घेऊनच बाहेर आल्या आणि निम्म्या शेंगा त्यांनी काकांच्या पुढ्यात सोलायला ओतल्या.